तुंब्यातली तरतरी

पावसाळा सरता सरता कपाळफोडीची वेल महाराष्ट्रात कुंपणांवर आणि पडीक जागांत सहज दिसते. तिचं फुग्यासारखं फळ फोडलं की आतून काळं, टणक बी निघतं आणि त्यावर पांढरा ठिपका असतो, अगदी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा. रिठा आणि लिची ही याच कुळातली झाडं. कुळातल्या वेली मात्र सगळ्यात जास्त फोफावल्या त्या दक्षिण अमेरिकेत, आणि कपाळफोडीची तिथली एक जवळची नातलग म्हणजे गुआराना. ब्राझीलमध्ये, अ‍ॅमेझॉनच्या खालच्या खोऱ्यात, मादेइरा आणि तापाजोस या नद्यांच्या मधल्या जंगलात ही वेल झाडांच्या आधाराने दहा-बारा मीटर उंच चढते. बागेत आधार दिला नाही तर तीच दोन-तीन मीटरचं झुडूप होऊन राहते. फळं पिकली की लालभडक होतात, साल तडकते, आतला पांढरा गर उघडा पडतो आणि त्यातून काळं बी डोकावतं. घोसच्या घोस असे तडकले की वेलीला माणसाचे डोळे लागल्याचा भास होतो. या बियांत वजनाच्या साधारण २ ते ६ टक्के कॅफीन असतं. अरेबिका कॉफीच्या बियांत ते १ टक्क्याच्या थोडं वर, चहाच्या सुक्या पानांत ३ टक्क्यांच्या आसपास. तरतरीसाठी माणसाने जवळ केलेल्या वनस्पतींत गुआराना कडक गणली जाते ती यामुळे. तिच्याविषयी एक समज जगभर पसरलेला आहे: गुआरानातलं द्रव्य कॅफीन नव्हे, ते 'गुआरानिन'; ते हळू चढतं, हळू उतरतं, छातीत धडधड करत नाही. या समजाची रसायनाची बाजू चुकीची आहे. पण त्यात अनुभवाचीही एक बाजू आहे आणि ती सरसकट खोटी नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, याचं उत्तर वेलीत सापडत नाही. ती वेल ज्यांनी माणसाळवली त्यांच्या रीतीत सापडतं.

ती माणसाळवली सातेरे-मावे या आदिवासींनी. तुपी कुळातली भाषा बोलणारे हे लोक या वेलीला 'वाराना' म्हणतात आणि स्वतःला तिची लेकरं मानतात. नुनेस पेरेइरा या ब्राझिलियन अभ्यासकाने विसाव्या शतकात नोंदवलेल्या त्यांच्या कथेत एक बाई आहे. नुसोकेन नावाच्या रम्य प्रदेशाची ती मालकीण, आणि कुठल्या झाडपाल्याने कोणता आजार बरा होतो हे जाणणारी. तिच्या मुलाला राखीव झाडाची फळं खाल्ल्याबद्दल मामांच्या सांगण्यावरून मारलं जातं. आई त्याचे डोळे काढून पेरते. डाव्या डोळ्यातून उगवते खोटी वाराना, उजव्यातून खरी. पर्यटकांसाठी सांगितल्या जाणाऱ्या आवृत्तीत दुष्ट देव, साप आणि गुणी बाळ असतं. ती गोष्ट गोड आहे, पण मूळ कथेतला महत्त्वाचा तपशील तिच्यात हरवतो. मूळ कथा वेलीवेलींत भेद करते. दिसायला सारखी असलेली प्रत्येक वेल कामाची नसते, हे ज्ञान त्या डाव्या-उजव्या डोळ्यांत साठवलेलं आहे. आजही सातेरे-मावे शेतकरी जंगलातल्या जुन्या वेलींखाली आपोआप उगवलेली रोपं उचलून आपल्या मळ्यात आणून लावतात. शेती आणि रान यांच्यातली वाट त्यांनी बंद केलेली नाही.

बी खाण्यायोग्य करण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. फळं सोलून गर धुऊन टाकतात, बिया मातीच्या पसरट तव्यावर मंद आचेवर बराच वेळ हलवत भाजतात, टरफल काढतात आणि उखळात कुटतात. कुटताना थेंबथेंब पाणी घालून कणकेसारखा गोळा होतो. तो मळून त्याच्या कांड्या वळतात आणि त्या कांड्या धुराच्या माळ्यावर कित्येक आठवडे ठेवतात. बाहेर येते ती काळपट तांबूस, दगडासारखी कांडी. वर्षानुवर्षं टिकणारी, होडीत टाकून कुठेही नेता येणारी आणि दाताने न फुटणारी. प्यायच्या वेळी तुंब्यासारख्या कडक सालीच्या फळाच्या कटोऱ्यात पाणी घेऊन त्यात ती ओल्या दगडावर उगाळायची. नदीकाठची इतर वस्ती दगडाऐवजी पिरारुकु या अजस्र माशाची वाळवलेली जीभ वापरते. तिच्यावर हाडाचे दाते असल्यामुळे तिची उत्तम किसणी होते. उगाळण्याचं काम घरातल्या बाईचं. तयार होतो तो 'सापो': थंड पाणी, त्यात गुआरानाचा गाळ, साखर नाही, चवीला तुरट-कडवट. कटोरा बसलेल्यांत फिरतो, प्रत्येकजण घोट-दोन घोट घेऊन पुढे देतो, आणि दिवसभरात हे अनेकदा घडतं.

या पेयाची पहिली सविस्तर लेखी नोंद १६६९ सालची आहे. ती जोहान फिलिप बेटेनडोर्फ या लक्झेंबर्गमध्ये जन्मलेल्या जेझुइट पाद्र्याची. त्याने लिहिलं त्याचा आशय असा: आंदिरा नदीकाठचे लोक एक लहान फळ वाळवतात, कुटतात, त्याचे गोळे करतात, आणि गोऱ्या माणसाला सोन्याची जेवढी किंमत तेवढी त्यांना या गोळ्यांची, ते पाण्यात उगाळून प्यायल्यावर शिकारीला गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवसापर्यंत भूक लागत नाही, शिवाय त्याने लघवी साफ होते, ताप, डोकेदुखी आणि पेटके जातात. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजच्या औषधशास्त्रासमोर ठेवलं तर किती टिकतं? बरंच. कॅफीन थकव्याची जाणीव मागे ढकलतं, काही काळ भूक दबवतं, लघवीचं प्रमाण थोडं वाढवतं. डोकेदुखीवरच्या कित्येक गोळ्यांत आजही ते घातलं जातं, कारण ते मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि वेदनाशामकाचा गुण वाढवतं. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले औषधविक्रेते गुआरानाची पूड अर्धशिशीवर देत, तेही याच कारणाने. तापाचा दावा मात्र टिकत नाही, आणि पेटक्यांचंही खात्रीने सांगता येत नाही. तरीही पाद्र्याने ऐकून-पाहून लिहिलेल्या यादीतले बहुतेक गुण एकट्या कॅफीनने उलगडतात. वेगळ्या द्रव्याची गरजच लागत नाही, हा 'गुआरानिन'च्या विरोधातला पहिला पुरावा.

दुसरा पुरावा प्रयोगशाळेतला आहे आणि तो जुना आहे. फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळं केलं. त्याच सुमारास कार्ल फिलिप फॉन मार्टियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राझीलमध्ये फिरत होता. त्याचा भाऊ थिओडोर औषधनिर्माता होता, आणि त्याने १८२६ मध्ये गुआरानातून पांढरे स्फटिक मिळवून त्यांना 'गुआरानिन' असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी उद्री नावाच्या संशोधकाने चहातून असेच स्फटिक काढले आणि त्यांचं नामकरण 'थेईन' केलं. त्या काळी असं होणं स्वाभाविकच होतं. प्रत्येकाच्या हातात वेगळी वनस्पती होती आणि रेणूची रचना ओळखण्याचं साधन कोणाकडेच नव्हतं. पण १८३८ मध्ये योब्स्ट आणि मुल्डर यांनी थेईन आणि कॅफीन एकच असल्याचं दाखवलं आणि १८४० मध्ये बेर्तमो आणि देशास्तेल्यु या फ्रेंच जोडीने गुआरानिनचाही निकाल लावला: तेही कॅफीनच. एकच माणूस चार गावांत चार नावांनी ओळखला जावा, तसा हा प्रकार. दक्षिण अमेरिकेतल्या माते या पेयाच्या चाहत्यांनी पुढे 'मातेईन' काढलं, त्याचीही हीच गत आहे. शास्त्रात जे नाव १८४० मध्ये संपलं ते बाटल्या-डब्यांवर आजतागायत जिवंत आहे. विक्रीला उपयोगी पडणारी चूक सहसा मरत नाही.

'नैसर्गिक कॅफीन कारखान्यातल्या कॅफीनपेक्षा सौम्य असतं' हे या समजाचंच धाकटं भावंड. एमिल फिशर याने १८९५ मध्ये कॅफीन प्रयोगशाळेत घडवलं, तेव्हापासून दोन्ही रेणू अणुगणिक सारखे आहेत हे ठाऊक आहे. शरीराला रेणूचं जन्मगाव विचारता येत नाही. निसर्गानेही कॅफीन एकदाच घडवलेलं नाही. टॉड बार्कमन यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार कॉफी, चहा, कोको, संत्र्याचं कुळ आणि गुआराना यांनी कॅफीन तयार करण्याची कला स्वतंत्रपणे आणि वेगवेगळ्या वाटांनी मिळवली. वाटा वेगळ्या, मुक्काम तोच. गुआरानाने ते कुठे साठवलं हे तर फारच सूचक आहे. तुकानासारखे पक्षी फळातला पांढरा गर खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. बी कॅफीनने ठासून भरलेलं, गर मात्र त्यापासून मोकळा, असं स्विस संशोधक बाउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं. भारवाहकाला मोबदला द्यायचा, पण त्याला विष चढू द्यायचं नाही, अशी ही व्यवस्था. कॅफीन वेलीसाठी संरक्षणाचं रसायन आहे. आपली तरतरी हा त्याचा आपल्यापुरता झालेला जोडपरिणाम.

आता पहिला गंभीर आक्षेप. रेणू तोच असेल, पण गुआरानात टॅनिन भरपूर आहे. ते कॅफीनला धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून परिणाम लांबतो, असं म्हणतात. यात तथ्याचा अंश आहे. कडक कोरा चहा निवत ठेवला की तो गढूळ होतो. टॅनिन आणि कॅफीन एकमेकांना चिकटून तयार झालेल्या कणांचा तो गढूळपणा. पण तोच चहा पुन्हा तापवला किंवा पाणी घालून पातळ केला तर निवळतो, कारण ही मिठी सैल असते. पोटात उष्णता, आम्ल आणि पातळपणा तिन्ही असतात, तेव्हा तिथे ती तासन्‌तास टिकेल असं मानायला आधार दिसत नाही. चहातही टॅनिन असतं आणि चहातलं कॅफीन तासाभरात रक्तात पोचतं. सापोची एक गोष्ट मात्र चहापेक्षा खरोखर वेगळी आहे. चहा आपण गाळून पितो, सापो गाळासकट पितात. कॅफीनचा काही भाग पाण्यात उतरलेला, काही अजून बियांच्या कणांत अडकलेला असतो आणि तो आतड्यात सुटतो. त्यामुळे चढण थोडी मंद होत असेल. पण एकदा रक्तात आलं की त्याचा निचरा यकृताच्या वेगाने होतो: निम्मं कॅफीन संपायला सरासरी पाचेक तास लागतात, मग ते कशातूनही आलेलं असो.

दुसरा आक्षेप याहून वजनदार. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये २६ जणांना ३७.५ ते ३०० मिलिग्रॅमपर्यंतच्या वेगवेगळ्या मात्रांत गुआरानाचा अर्क दिला. स्मरणाच्या चाचण्यांत चांगला परिणाम दिसला तो मोठ्या मात्रांपेक्षा लहान मात्रांत, आणि सगळ्यात लहान मात्रेत कॅफीन ५ मिलिग्रॅमदेखील नव्हतं. चहाचे दोन घोट घेतले तरी त्याहून जास्त होतं. म्हणजे काम दुसरंच काही करतंय, असं गुआरानाचे पाठीराखे म्हणतात. शक्यता नाकारता येत नाही. बियांत कॅटेचिन गटाची द्रव्यं बरीच आहेत. पण एका छोट्या गटावर अनेक चाचण्या घेतल्या की त्यांतल्या काही केवळ योगायोगानेही अनुकूल निघतात. ब्राझीलमधल्या कर्करुग्णांच्या थकव्यावरचे प्रयोग हेच शिकवतात. स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या ३६ जणींवर २००९ मध्ये गुआरानाचा काही उपयोग दिसला नाही; २०११ मध्ये केमोथेरपी घेणाऱ्या ७५ जणींवर, वेगळ्या मात्रेत, तो चांगला दिसला. अशा विषयावर एका प्रयोगाच्या जोरावर 'सिद्ध झालं' म्हणणं धाडसाचं, आणि 'काहीच नाही' म्हणणंही तितकंच. माझं मत विचाराल तर कॅटेचिनांचा थोडा हातभार असेल, पण ज्या अनुभवाने या वेलीला सोन्याची किंमत आणली तो अनुभव कॅफीनचा आहे.

माउएस या गुआरानाच्या बाजारगावातल्या वृद्धांचंही उदाहरण वारंवार पुढे केलं जातं. तिथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नेमाने गुआराना पिणाऱ्या वृद्धांत उच्च रक्तदाब आणि स्थूलता न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. पण ज्याला रक्तदाबाचा त्रास सुरू होतो तो उत्तेजक पेय आपणहून सोडतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात चहाच्या बाबतीत दिसतं. पिणारे निरोगी, की निरोगी होते म्हणून पीत राहिले, हे अशा पाहणीतून कळत नाही.

मग 'हळू चढतं, हळू उतरतं' हा अनुभव आला कुठून? तो मात्रेतून आला. साधा हिशोब करू. समजा एका कटोऱ्यात ५ ग्रॅम कीस उतरला आणि त्यात ४ टक्के कॅफीन आहे. म्हणजे २०० मिलिग्रॅम. तो कटोरा दहा जणांत फिरला तर प्रत्येकाच्या वाट्याला २० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा कप चहा. तासा-दोन तासांनी पुन्हा कटोरा फिरतो, पुन्हा तेवढंच. रक्तातलं प्रमाण एकदम उसळत नाही आणि कोसळतही नाही. थकव्याची सूचना देणारं अ‍ॅडेनोसीन मेंदूत दिवसभर साठत जातं. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. साठणं हळूहळू होणार असेल तर अडवणंही हळूहळू व्हावं, हे तर्काला धरून आहे. बॉस्टनमध्ये २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेमकं हेच करून पाहिलं गेलं. दीर्घकाळ जागं ठेवलेल्या पुरुषांना शरीराच्या दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅम कॅफीन तासातासाला दिलं. ६० किलोच्या माणसाला ते १८ मिलिग्रॅम होतं. न दिलेल्यांपेक्षा त्यांचं काम सरस झालं आणि नकळत लागणाऱ्या डुलक्या कमी झाल्या. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला झोप जास्त येत असल्यासारखं वाटत होतं, बहुधा दुसरा गट मधूनमधून डुलक्या काढून घेत होता म्हणून. तरतरी वाटणं आणि तरतरीत असणं या दोन गोष्टी आहेत, हा त्यातला छोटा धडा. पण सापोचा १८-२० मिलिग्रॅमचा घोट आणि प्रयोगशाळेतली मात्रा इतक्या जवळ याव्यात, ही गोष्ट मला गुआरानिनपेक्षा कितीतरी नवलाची वाटते.

या मात्रेचा लगाम कांडीत आहे. आपल्याकडे बाळगुटीत हळकुंड, वेखंड, जायफळ सहाणेवर उगाळतात आणि मात्रा वेढ्यांत मोजतात. वयाप्रमाणे एक वेढा, दोन वेढे. जायफळाची पूड करून चमचा भरण्याची कल्पनाही कोणी करत नाही, कारण चमच्याने चूक होते. दगडासारख्या कांडीचंही तेच. घाईघाईने जास्त घ्यायचं ठरवलं तरी मनगट दुखेल. वर चव तुरट-कडवट, साखर नाही, म्हणून घटाघट प्यावंसं वाटत नाही. वाटेकरी बसलेले असतात, म्हणून कटोरा अडवून ठेवता येत नाही. दूर पश्चिमेला, कोलंबिया आणि इक्वाडोरच्या सीमेवरच्या जंगलात कोफान, सिओना, सेकोया हे लोक गुआरानाच्या सख्ख्या बहिणीची, योको या वेलीची साल वापरतात. तेही थंड पाण्यातच, तेही पहाटे, कामाला निघण्याआधी, ताज्या सालीचा कीस पिळून. रिचर्ड शुल्टेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली आहे. एका समाजाने बी घेतलं, दुसऱ्याने साल. पण किसणं आणि थंड पाणी दोन्हीकडे आहे.

यावर कोणी म्हणेल की हे सगळं फार कोरडं झालं. सातेरे-मावे सभेत बोलण्याआधी वाराना पितात ते शहाणपण यावं म्हणून; त्याला कॅफीनची मात्रा म्हणणं म्हणजे प्रसादाला साखरेचा शिरा म्हणण्यासारखं. आक्षेप मान्य करण्यासारखा आहे, पण अर्धाच. एकच कटोरा, ठरलेला हात, ठरलेला क्रम आणि पिताना चाललेलं बोलणं यांचा माणसाच्या मनावर परिणाम होतो आणि तो रसायनात मोजता येत नाही. मात्र त्या लोकांच्या ज्ञानाचा मान राखायचा तर त्यांनी काय साधलं हे नेमकं सांगायला हवं. त्यांच्या बियांत अद्भुत द्रव्य आहे म्हटलं की श्रेय वेलीला जातं. कडक, सहज अपाय करू शकणारं बी त्यांनी भाजून, धुरी देऊन, उगाळून आणि वाटून रोजच्या वापराचं केलं, असं म्हटलं की श्रेय माणसांना जातं. ब्राझील सरकारने २०२० मध्ये आंदिरा-माराउ या त्यांच्या प्रदेशातल्या वारानाला उगमस्थानाचं मानांकन दिलं; ब्राझीलमधल्या आदिवासी समाजाला मिळालेलं ते पहिलंच. त्यात नुसत्या बीचा नव्हे, ते घडवण्याच्या पद्धतीचाही मान आहे.

कांडी सुटली तेव्हा काय झालं हे विसाव्या शतकात दिसलं, आणि आधी ते निरुपद्रवीच दिसलं. लुईझ पेरेइरा बारेतो या डॉक्टरने १९०५ च्या सुमारास गुआरानाचं सरबत करण्याची रीत बसवली, १९२१ मध्ये गुआराना अंतार्क्तिका हे फसफसणारं पेय बाजारात आलं आणि ते ब्राझीलचं घरोघरचं पेय झालं. नावापुरता गुआराना घालून लोकांना फसवू नये म्हणून १९७२ च्या कायद्याने अशा पेयात खरा गुआराना असणं बंधनकारक झालं. लिटरमागे किमान ०.२ ग्रॅम बी. त्यातून ४ टक्क्यांच्या हिशोबाने लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम कॅफीन उतरतं. त्या किमान मात्रेत तरतरी जवळपास नाहीच, आहे ती साखर. बियांची मागणी इतकी वाढली की आज ब्राझीलमध्ये सर्वाधिक पीक गुआरानाच्या मायभूमीत नाही, दूरच्या बाहिया राज्यात निघतं. खरा घोळ झाला तो कॅप्सूल आणि पुड्यांनी. वजन घटवण्याच्या गोळ्यांत गुआराना आणि एफेड्रा यांची जोडी लावली गेली. दोन्ही 'वनौषधी', दोन्ही हृदयाचे ठोके वाढवणारी. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेने २००४ मध्ये आहारपूरकांतल्या एफेड्रावर बंदी घातली. गुआराना राहिला.

तो आता मुंबई-पुण्यातल्या व्यायामशाळांजवळच्या दुकानांतही डब्यांतून मिळतो, आणि तिथे हिशोब तुम्हाला करायचा आहे. डब्यावर 'कॅफीन २०० मिलिग्रॅम' असं एका ओळीत आणि 'गुआराना अर्क ५०० मिलिग्रॅम' असं दुसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं. अशा अर्कात अनेकदा २२ टक्के कॅफीन असतं, म्हणजे दुसऱ्या ओळीत आणखी ११० मिलिग्रॅम दडलेलं आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी सांगितलेली मर्यादा एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमची, गरोदर बाईसाठी दिवसभरात २००. टक्केवारी छापलेली नसेल तर दुकानदाराला विचारा. त्यालाही सांगता आलं नाही तर डबा परत ठेवा. आणि बेरीज करताना सकाळपासून घेतलेले चहाचे कप विसरू नका.